मे महिन्यात टिकेल अशी बाल्कनी: खान्देशातल्या फ्लॅटवाल्यांसाठी

यावल तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराला वर धाबं (मातीचं सपाट छप्पर) होतं आणि पुढे अंगण. जळगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा अंगणाच्या जागी साडेदहा फूट लांब, चार फूट रुंद बाल्कनी मिळाली, तीही पश्चिमेकडे तोंड असलेली. पहिल्याच फेब्रुवारीत मी हौसेनं तीस कुंड्या भरल्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या सात जिवंत होत्या.

चूक झाडांची नव्हती. मी ज्या सल्ल्यांवर विसंबले ते पुण्या-मुंबईच्या हवेचे होते. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४४-४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, संध्याकाळी सातलाही झळा येतात, बोअरचं पाणी जड असतं आणि नळाचं पाणी दिवसांच्या अंतरानं येतं. म्हणून आपल्या बाल्कनीची आखणी मे महिना डोळ्यांपुढे ठेवून करायची. ऊन, वजन, पाणी, सावली, माती या क्रमानं जायचं आणि झाडं सगळ्यात शेवटी.

पर्यावरणपूरक म्हणजे काय, तेही आधी स्पष्ट करून घेऊ. रोज दोन बादल्या पिण्याचं पाणी पिणारी आणि दर जूनमध्ये नवी रोपं विकत आणायला लावणारी बाल्कनी नुसती हिरवी असते. घरातलं वापरलेलं पाणी आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा जिथं जिरतो, आणि जिच्यामुळे आतली खोली थोडी तरी निवते, ती बाल्कनी आपल्याला करायची आहे.

१. आधी आठ दिवस नुसतं ऊन बघा

सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि पाच अशा चार वेळी बाल्कनीच्या फरशीवर उन्हाची कड खडूनं आखा आणि शेजारी वेळ लिहा. आठ दिवसांत नकाशा तयार होतो. मात्र तो त्या महिन्यापुरताच खरा, कारण खान्देश साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेला असतो. म्हणजे हिवाळ्यात ज्या उत्तरेकडच्या बाल्कनीत उन्हाचा कवडसाही येत नाही, तिथं जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ ऊन लागतं. उलट दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरची दुपार थेट आतपर्यंत येते, कारण तेव्हा सूर्य जेमतेम ४५ अंश वर चढतो. मेथी-पालकासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

पूर्वेची बाल्कनी मिळाली असेल तर तुमचं निम्मं काम झालं. पश्चिमेची असेल तर हा लेख विशेष तुमच्यासाठी आहे.

खडू हातात असतानाच आणखी तीन चौकोन आखा: कूलर कुठं राहणार, कपडे कुठं वाळणार आणि वाळवणाची खाट कुठं पडणार. आपल्या घरात मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, पापड, शेवया होतात. त्यांची जागा कुंड्यांनी अडवली तर घरातलीच माणसं दुसऱ्या वर्षी कुंड्या उचलायला लावतात. कूलरमागे हवा आत खेचायला किमान हातभर मोकळी जागा हवी. तिथं दाट झाडं लावू नका.

२. कागद आणि परवानग्या

हे कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

- सोसायटीच्या सचिवांना साधं पत्र: कुंड्या कठड्याच्या आत राहतील, पाणी खाली पडणार नाही, बाहेरच्या भिंतीला हात लावणार नाही. पोच घेऊन ठेवा.
- भाड्याचं घर असेल तर मालकांची लेखी संमती. भिंतीत खिळे आणि हूक ठोकायचे असतील तर तेही त्यात लिहून घ्या.
- काम सुरू करण्यापूर्वीचे फोटो: छत, फरशी, पाणी जायचं भोक आणि तुमच्या बाल्कनीखालच्या स्लॅबचा तळ. पुढे ओल दिसली तर ती आधीची की नंतरची, हे त्यावरून ठरतं.
- इमारत पंचवीस-तीस वर्षांची असेल किंवा स्लॅबच्या तळाला तडे, गंजलेली सळई दिसत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत. ते मिळेपर्यंत एकही कुंडी ठेवू नका.

काचा लावून बाल्कनी बंद करायचा विचार असेल तर त्याला महापालिकेची परवानगी लागते. शिवाय आपल्या हवेत बंद काचेची बाल्कनी म्हणजे भट्टी. माझं मत विचाराल तर ती उघडीच राहू द्या.

३. वजनाचा हिशेब

भारतीय मानकानुसार घरगुती बाल्कनीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरून आखतात. त्यात माणसं, सामान, कूलर सगळं आलं. मी कुंड्यांसाठी त्यातला एक तृतीयांशच वापरते.

बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती बसते. ती काळी माती असेल तर भिजल्यावर कुंडी पंचवीस किलोच्या घरात जाते. हलकं मिश्रण असेल तर पंधरा-सोळा किलो. वीस कुंड्यांमागे हा फरक दोन क्विंटलचा होतो. पाण्याचा दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे एकाच जागी दोनशे किलो. तो बाल्कनीत नको.

जड कुंड्या घराच्या भिंतीला लागून ठेवा. बाल्कनीला आधार त्या बाजूनं असतो, कठड्याच्या बाजूला ती अधांतरी असते. कठड्यावर बाहेरच्या अंगाला कुंड्या टांगू नका. मे-जूनच्या ज्या वादळांत रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात, ती वादळं तिसऱ्या मजल्यावरची कुंडीही उचलतात आणि खाली मुलं खेळत असतात.

४. पाणी: कोणतं, किती, कसं

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या.

पहिल्या मेमध्ये माझ्या तीस कुंड्या दिवसाला जवळपास दोन बादल्या पाणी पीत होत्या आणि तरी वाळत होत्या. आता अठरा कुंड्या आहेत आणि भर उन्हाळ्यात बारा लिटरांत भागतं. यातलं पिण्याचं पाणी जवळपास नाहीच. पण घरातलं प्रत्येक वाया जाणारं पाणी झाडाला चालत नाही, हे मला रोपं घालवून कळलं.

*तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी:* सर्वात उत्तम. त्याच दिवशी वापरा, शिळं झालं की वास मारतं. मीठ घातलेलं उकळीचं पाणी यात मिसळू नका.

*आरओचं सोडलेलं पाणी:* यात मूळ पाण्यातले क्षार एकवटून येतात. आपलं बोअरचं पाणी आधीच जड, त्यामुळे महिना-दोन महिन्यांत कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो आणि पानांची टोकं करपतात. निम्मं साधं पाणी मिसळून फक्त कोरफड, बोगनवेल यांना द्या. उरलेलं फरशी पुसायला.

*कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी:* कधीच नाही. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत उरतात, त्यामुळे आठवड्याच्या शेवटी ते आरओच्या पाण्यापेक्षाही वाईट झालेलं असतं. माझा कढीपत्ता यानंच गेला.

*एसीचं पाणी:* क्षारमुक्त, झाडांना छान. पण मेच्या कोरड्या हवेत ते फार थोडं निघतं. पावसाळी दमट हवेत मात्र बादली भरते, म्हणजे गरज नसते तेव्हा. ते साठवून ड्रिपच्या नळ्या धुवायला वापरा.

*कपड्यांचं पाणी:* शेवटच्या खळबळीचं, तेही फुलझाडांनाच. भाजीपाल्याला नको.

आता द्यायचं कसं. सोपा आणि जुना उपाय म्हणजे मडकं. मोठ्या कुंडीच्या मधोमध लहान मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा, वर पणती झाका. मातीच्या अंगातून पाणी पाझरतं, मुळं तिकडे वळतात आणि पृष्ठभाग कोरडा राहिल्यानं पाणी उडत नाही. लिटर-दीड लिटरचं मडकं उन्हाळ्यात दोन दिवस पुरतं. आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवी घागर भरली जाते, तेव्हा कुंभारवाड्यात चांगला माल आलेला असतो. त्याच फेरीत लहान मडकी घेऊन या.

यातला सापळा असा की जुनं मडकं बहुतेक वेळा पाझरत नाही. जड पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. पुरण्याआधी भरून तासभर ठेवा. बाहेरून हात ओला झाला तर चालेल, नाहीतर ते पक्ष्यांच्या पाण्याला ठेवा. रंगवलेलं मडकंही उपयोगाचं नाही.

दुसरा उपाय ठिबक. जळगावात राहून ठिबकसाठी महागडा बाल्कनी संच मागवायची गरज नाही. शेतीच्या दुकानात १६ मिलिमीटरची नळी, मायक्रोट्यूब (तिला जोडायची बारीक नळी), जॉइनर, एंड कॅप आणि छोटा जाळीचा फिल्टर सुटा मिळतो. वीस लिटरचा कॅन चार-पाच फूट उंच, भिंतीलगतच्या भक्कम घोडीवर ठेवायचा. दुकानदाराला स्पष्ट सांगा, "टाकी जवळच आहे, पंप नाही." शेतात वापरतात तो दाब-नियंत्रित ड्रिपर चालायला साधारण अर्धा ते एक बार दाब लागतो. एक मीटर उंचीवरून मिळतो ०.१ बार. तो ड्रिपर लावला तर थेंबही पडणार नाही. साधी मायक्रोट्यूब किंवा फिरकीचा ड्रिपर घ्या आणि प्रत्येकाखाली पंधरा मिनिटं पेला धरून किती पाणी पडतं ते मोजा. कॅनजवळच्या कुंडीत जास्त आणि टोकाला कमी पडत असेल तर जवळची नळी लांब करा. लांब नळीतून पाणी कमी येतं.

पाणी सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर द्या. आणि खालच्या मजल्याची काळजी घ्या. पहिल्या वर्षी माझ्या कुंड्यांचं मातकट पाणी खालच्या काकूंच्या कुरडयांवर गळलं होतं. दोन पायल्या गव्हाचा चीक, तीन दिवसांची मेहनत. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून ते अजून मनाला लागतं. तेव्हापासून प्रत्येक कुंडीखाली ताटली आणि ताटलीखाली विटेचे तुकडे असतात. ताटल्या आठवड्यातून एक दिवस पूर्ण कोरड्या करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

५. सावली

शेडनेट ५० टक्क्यांची घ्या. ७५ टक्क्यांच्या नेटखाली भाजी लांबट होते, फूल धरत नाही. नेट झाडांपासून हातभर दूर हवी, नाहीतर तिची ऊब पानांना लागते. खालची दोरी सरकगाठीची ठेवा. आभाळ भरून आलं की एका ओढीत सुटली पाहिजे, कारण ताणलेली नेट वादळात शिडासारखी फुगते आणि हुकासकट भिंतीचा तुकडा घेऊन जाते.

प्लॅस्टिक टाळायचं असेल तर बांबूची चिक किंवा तुराट्यांचा विणलेला ताटवा लावा. तूर काढल्यावर गावाकडे तुराट्यांचे भारे पडलेले असतात. दोन-तीन उन्हाळे ताटवा सहज टिकतो. वाळ्याचा पडदा सुंदर गारवा देतो, पण सतत पाणी मागतो. ज्यांच्याकडे पाणी मुबलक नाही त्यांनी मोह आवरावा.

पश्चिमेच्या कठड्याशी जिवंत पडदा हवा असेल तर गिलक्याचा (घोसाळ्याचा) किंवा तोंडलीचा वेल सुतळीवर चढवा. माझ्या बाल्कनीत नेट, वेल आणि पांढऱ्या कुंड्या झाल्यापासून संध्याकाळी कूलर तासभर उशिरा लावावा लागतो.

६. कुंड्या आणि माती

कुंडीला बाहेरून चुना मारा. इतका स्वस्त आणि इतका गुणकारी उपाय दुसरा नाही. काळी प्लॅस्टिक पिशवी किंवा तेलाचा पत्र्याचा डबा उन्हात इतका तापतो की कडेची मुळं शिजतात. डबे वापरायचेच असतील तर गोणपाट गुंडाळा आणि मागच्या रांगेत ठेवा.

एक गोष्ट हात जोडून सांगते: गावाकडून कुणी कीटकनाशकाचे रिकामे कॅन "धुऊन दिलेत" म्हणून देईल. घेऊ नका. ना भाजीला, ना पाणी साठवायला. ते धुऊन स्वच्छ होत नाहीत.

माती म्हटलं की आपल्याला आपली काळी कसदार माती आठवते. शेतात ती सोनं आहे, कुंडीत नाही. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. ताटली भरलेली दिसते आणि मुळं कोरडी असतात. माझ्या पहिल्या वर्षीच्या निम्म्या कुंड्या अशा गेल्या. माझं प्रमाण असं:

- एक भाग पोयट्याची किंवा काळी माती, चाळलेली
- एक भाग मुरलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत
- एक भाग भुईमुगाच्या शेंगांची चुरलेली टरफलं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दक्षिणेतून येतं, टरफलं आपल्याकडे घरोघरी निघतात.
- तळाला बोटभर विटांचे तुकडे. नदीची वाळू आणू नका, गिरणा-तापीची पात्रं आधीच खरवडली गेली आहेत.

वर दोन इंच आच्छादन हवंच. उन्हाळ्यात रसवंतीवाल्याकडे उसाची चिपाडं ढिगानं पडलेली असतात. आणून एकदा धुवा, दोन दिवस वाळवा, म्हणजे मुंग्या येत नाहीत. केळीची वाळलेली पानंही उत्तम.

राख मात्र टाकू नका. भरताची वांगी भाजलेल्या तुराट्यांची राख झाडाला घालायची सवय आपल्यात आहे, पण आपली माती आणि पाणी दोन्ही आधीच अल्कधर्मी आहेत. राखेनं त्यात भर पडते. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर झाडाला लोह मिळत नाही असं समजा. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला दोन-तीन ग्रॅम, थोडा लिंबूरस पिळून, संध्याकाळी फवारा. फरशीवर पडलं तर गंजाचे डाग जात नाहीत, म्हणून खाली गोणपाट टाका.

हत्यारं थोडीच लागतात: खुरपं, बारीक तोंडाची झारी, कात्री, सुतळी, दाभण, मोजायचा टेप, दोन बादल्या.

७. ओला कचरा

झाकणाची, बुडाला आणि बाजूंना भोकं असलेली दोन मडकी किंवा बादल्या घ्या. एक भरते तोवर दुसरी मुरते. एक ओंजळ ओल्या कचऱ्यावर दोन ओंजळी सुकं: वाळलेली पानं, टरफलं, फाडलेला पुठ्ठा. आठवड्यातून दोनदा ढवळा. वास आला तर पाणी जास्त झालंय, सुकं वाढवा. शेवभाजीचा रस्सा, तळणाचं तेल, मटणाची हाडं यात नको.

साधारण दोन महिन्यांत खत तयार होतं. आपल्याकडचा विशेष त्रास वासाचा नसून कोरडेपणाचा आहे. एप्रिल-मेत मडक्यातला कचरा कुजायच्या ऐवजी वाळून कडक होतो. मडकं सावलीत ठेवा आणि मुठीत दाबल्यावर हात ओला होईल इतकंच पाणी शिंपडत राहा.

८. आता झाडं

सुरुवात मृगाला करा, ७-८ जूनच्या सुमारास. झाडाला पुढच्या मेपर्यंत मुळं पसरायला अकरा महिने मिळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपवाटिका फुललेल्या असतात, तेव्हाच मोह होतो. तेव्हा काही आणू नका.

*जून-जुलै:* गिलके, दोडका, चवळी, मिरची, अळू, आणि कायमची म्हणून कढीपत्ता, गवती चहा, तुळस. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या कमी येतात. फळ धरत नसेल तर त्या त्या वेळी नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला हलकेच लावा. मादीच्या फुलामागे बोटभर कोवळं फळ दिसतं.

*ऑक्टोबर-नोव्हेंबर:* मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो. कमी श्रमात जास्त समाधान देणारा हंगाम हाच.

*उन्हाळा:* नवीन काही नाही, फक्त तांदुळजा. तो महिनाभरात काढणीला येतो. फुलांसाठी सदाफुली, चिनी गुलाब, बोगनवेल.

भरताचं वांगं कुंडीत होतं का, असं मला प्रत्येक जण विचारतो. पंचवीस लिटरच्या कुंडीत होतं, पण फळं मोजकी लागतात. एक झाड आनंदासाठी लावा, भरीत मात्र बाजारच्या वांग्याचंच करा.

पक्ष्यांसाठी पसरट मातीचं भांडं ठेवा, रोज पाणी बदला. दाणे टाकू नका. चिमण्यांआधी कबुतरं येतात आणि मग जात नाहीत. सदाफुलीच्या, तुळशीच्या ओढीनं शिंजीर आपोआप येतो.

९. आखाजीला गावाला जाताना

वर्षभर सांभाळलेली बाल्कनी याच आठ दिवसांत जाते, म्हणून हे वेगळं लिहिते. जायच्या आधी दोन दिवस सगळ्या कुंड्या उचलून भिंतीला, सावलीत, एकमेकींना चिकटवून ठेवा. जवळजवळ असल्या की पानांभोवती ओलावा टिकतो. मोठी फळं आणि जास्तीची पानं काढून टाका, म्हणजे झाडाची तहान कमी होते. आच्छादन दुप्पट करा. मडकी काठोकाठ भरा.

ठिबकावर विसंबून जाऊ नका. वीस लिटरचा कॅन दोन दिवसांत संपतो आणि क्षारानं एक नळी बुजली तरी ती कुंडी गेली. शेजाऱ्यांकडे किल्ली द्या आणि चिठ्ठी लिहून ठेवा: कोणत्या कुंडीला किती तांबे, कोणतं पाणी वापरायचं, कूलरचं का वापरायचं नाही. आमच्याकडे ही किल्ली आता खालच्या काकूंकडे असते. परत येताना त्यांच्यासाठी गावाकडून सांजोऱ्या आणते, आणि मी नसताना निघालेली गिलकी त्यांचीच असतात.